लांबीची वजाबाकी : प्राथमिक स्तरावरील मापन-अध्यापनाची एक चिकित्सा (विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

प्रास्ताविक

प्राथमिक शाळेच्या गणितात मापन हा घटक बहुधा संख्याज्ञान आणि मूलभूत क्रिया यांच्या मागून येतो. मुलाला बेरीज-वजाबाकी येऊ लागली की त्याच क्रिया मीटर-सेंटिमीटर, किलोग्रॅम-ग्रॅम, लीटर-मिलिलीटर यांवर करावयास दिल्या जातात आणि मापनाचा घटक पूर्ण झाला असे समजले जाते. लांबीची वजाबाकी हे या समजुतीचे ठळक उदाहरण होय. '३ मी २५ सेमी कापडातून १ मी ६० सेमी कापड कापले, तर किती कापड उरले?' अशा धर्तीचे उदाहरण तिसरी-चौथीच्या कोणत्याही वर्गात फळ्यावर दिसते. मीटर आणि सेंटिमीटर असे दोन स्तंभ आखले जातात. २५ मधून ६० जात नाहीत, म्हणून मीटरच्या घरातून एक घेतला जातो. १२५ मधून ६० गेले ६५, दोनातून एक गेला एक. उत्तर १ मी ६५ सेमी. उत्तर बरोबर आहे. परंतु ते काढताना मुलाच्या मनात कापड होते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय हाच न विचारलेला प्रश्न आहे. लांबीची वजाबाकी म्हणजे संख्यांच्या वजाबाकीचा आणखी एक सराव नव्हे. लांबी मोजण्याच्या क्रियेचा तो गाभाच आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. हा गाभा वर्गात हरवतो कसा, आणि परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात तो वर्गाबाहेर कोठे जिवंत आहे, याची चिकित्सा पुढे केली आहे.

ही चिकित्सा निव्वळ तात्त्विक नाही. 'असर' अहवालाच्या २०२३ च्या आवृत्तीत २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांमधील १४ ते १८ वयोगटाची पाहणी करण्यात आली. त्यातील एक प्रश्न पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी वाचण्याचा होता. वस्तूचे टोक शून्यावर असताना सुमारे ८५ टक्के मुलामुलींनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू पुढे सरकवून शून्याऐवजी दुसऱ्या अंकावर ठेवली, तेव्हा हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. या दोन आकड्यांमधील दरी ही एका अंकी वजाबाकीची आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या बहुसंख्य मुलांना आठातून तीन वजा करता येत नाहीत असे मानण्यास आधार नाही. त्यांना येत नाही ते वेगळेच आहे : येथे वजाबाकी करावयाची आहे, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. म्हणजे क्रिया शिकविली गेली आणि तिचे प्रयोजन मागे राहिले.

पट्टीवरील अंक आणि पट्टीवरील अंतर

पट्टीवर ८ हा अंक एका रेघेशी लिहिलेला असतो. ती रेघ म्हणजे आठ सेंटिमीटर नव्हेत; शून्याच्या रेघेपासून त्या रेघेपर्यंतचे अंतर म्हणजे आठ सेंटिमीटर. मोठ्या माणसाला हा भेद इतका सवयीचा झालेला असतो की तो सांगण्याची आवश्यकता त्यास वाटत नाही. मूल मात्र मोजणे म्हणजे वस्तू मोजणे एवढेच जाणते. चिंचोके मोजताना शेवटचा अंक हेच उत्तर असते. पट्टीवरही ते शेवटचा अंक वाचते. पेन्सिल ३ च्या रेघेपासून ८ च्या रेघेपर्यंत असेल तर काही मुले ८ असे उत्तर देतात. काही मुले ३, ४, ५, ६, ७, ८ अशा रेघा मोजून ६ असे सांगतात. दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा अधिक विचारपूर्वक दिलेले आहे, हे शिक्षकाने ओळखणे महत्त्वाचे आहे. त्या मुलाने लांबी ही सुरुवात आणि शेवट या दोहोंवर अवलंबून असते हे जाणले आहे. त्याने केवळ अंतरांऐवजी रेघा मोजल्या. उत्तरपत्रिकेत मात्र दोघांनाही सारखेच शून्य गुण मिळतात.

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला हा भेद अपरिचित नसतो. कापसाच्या सऱ्या चार-चार फुटांवर पाडल्या असतील, तर पहिल्या सरीपासून सहाव्या सरीपर्यंतचे अंतर २४ फूट नसून २० फूट असते, कारण सऱ्या सहा असल्या तरी मधली अंतरे पाच. कुंपणाचे खांब रोवताना, तारेचे वेटोळे किती लागेल याचा अंदाज घेताना हाच हिशेब होतो. घरातील मोठी माणसे तो तोंडी करतात आणि मुले तो ऐकत असतात. शाळेत मात्र पट्टी कंपासपेटीतून बाहेर येते ती शून्याला टोक लावण्यासाठीच. पुष्कळ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर शून्याची रेघ अगदी काठावर नसते, थोडी आत असते. काठालाच शून्य समजणाऱ्या मुलाचे माप प्रत्येक वेळी त्या फरकाइतके कमी येते. पट्टीच्या दुसऱ्या बाजूस इंच असतात आणि तीस सेंटिमीटर म्हणजे नेमका एक फूट नव्हे, ही आणखी एक गंमत. एवढे सगळे ज्या साध्या साधनात दडलेले आहे, त्याची ओळख पाठात 'पट्टीने मोजा' एवढ्या एका सूचनेवर भागवली जाते.

वस्तू सरकवली तरी तिची लांबी बदलत नाही, हेही लहान मुलाला आपोआप उमगलेले नसते. प्याजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीविषयक ग्रंथात याचा विस्तृत विचार केला आहे. दोन सारख्या काड्या समोरासमोर ठेवून त्यांतील एक किंचित पुढे सरकवली, तर लहान मूल पुढे गेलेली काडी अधिक लांब आहे असे सांगते. अशा मुलाला ३ पासून ८ पर्यंतची पेन्सिल आणि ० पासून ५ पर्यंतची पेन्सिल सारखीच वाटणे शक्य नाही. यावरून अमुक वय होईपर्यंत थांबावे, असा निष्कर्ष काही प्रशिक्षण-वर्गांतून काढला जातो. तो ग्राह्य वाटत नाही. सरकवून पाहण्याचा अनुभव मुलाला किती मिळाला, यावरही ही समज अवलंबून असणार, आणि तो अनुभव देणे शाळेच्या हाती आहे.

एकके : आठ, बारा, चाळीस आणि शंभर

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'च्या आरंभी दिलेल्या परिभाषेत ८ यवांचा १ अंगुल, २४ अंगुलांचा १ हस्त, ४ हस्तांचा १ दंड, २००० दंडांचा १ क्रोश आणि ४ क्रोशांचे १ योजन अशी लांबीची कोष्टके आहेत. या कोष्टकात वजाबाकी करणाऱ्यास प्रत्येक घरातून घेताना वेगळा आकडा घ्यावा लागे. इंग्रजी मापांची पद्धत आल्यावर आकडे बदलले, स्वरूप तेच राहिले : १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा वार, २२० वारांचा फर्लांग, ८ फर्लांगांचा मैल. पैशांच्या हिशेबात १२ पैंचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करणाऱ्या त्या काळातील विद्यार्थ्यावर स्मरणाचा भार फार होता, यात शंका नाही. परंतु एक लाभ नकळत पदरात पडत असे. वरच्या घरातून एक घेतला की 'तो सुटा केल्यावर किती होतात?' हा प्रश्न त्यास दर वेळी स्वतःला विचारावा लागे. फुटाचे बारा, वाराचे तीन, रुपयाचे सोळा. एकक ही गोष्ट त्यास विसरताच येत नसे.

१९५६ च्या वजने-मापे प्रमाण कायद्याने दशमान पद्धतीचा पाया घातला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि साठच्या दशकात मीटर-किलोग्रॅम सर्वत्र रूढ झाले. ही सुधारणा आवश्यक होती आणि तिच्याबद्दल हळहळ व्यक्त करण्याचे कारण नाही. तथापि तिचा अध्यापनावर झालेला एक परिणाम दुर्लक्षित राहिला. ३ मी २५ सेमी मधून १ मी ६० सेमी वजा करणे आणि ३२५ मधून १६० वजा करणे यांत आता लेखनाच्या दृष्टीने काहीच भेद उरला नाही. मीटर आणि सेंटिमीटर ही नावे स्तंभाच्या डोक्यावर लिहावयाची आणि विसरून जावयाची. नेहमीच्या उदाहरणांत हे खपून जाते. '३ मी ५ सेमी मधून १ मी ४० सेमी' असे उदाहरण आले की उघडे पडते. काही मुले ३.५ मधून १.४० वजा करून २.१० असे लिहितात, कारण पाच सेंटिमीटर म्हणजे मीटरचे किती शतांश हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. बरोबर उत्तर १ मी ६५ सेमी आहे. काही मुले ४० मधून ५ वजा करून मोकळी होतात आणि २ मी ३५ सेमी असे उत्तर देतात. मोठ्यातून लहान काढावयाचे एवढा एकच नियम त्यांनी धरून ठेवलेला असतो.

शाळेबाहेर दशमान पद्धतीचे राज्य तितके एकछत्री नाही. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील बाजारात कापड मीटरवर मिळते, पण शिंप्याची टेप इंचात बोलते. लुगडे नऊवारी ते नऊवारीच. सुतार अजूनही इंच आणि सूत यांत माप घेतो. ८ सुतांचा १ इंच. भास्कराचार्यांच्या अंगुलाचेही आठच यव होते, हा योगायोग गणिताच्या शिक्षकाने वर्गात सांगण्याजोगा आहे. ५ फूट ४ इंच लांबीच्या फळीतून २ फूट ९ इंचांचा तुकडा काढला तर २ फूट ७ इंच उरतात. शाळेच्या सवयीने फुटाचे दहा इंच धरणारा मुलगा २ फूट ५ इंच असे सांगेल आणि दरवाजाची चौकट दोन इंचांनी बिघडेल.

क्षेत्रफळाचे उदाहरण लांबीच्या बाहेरचे असले तरी या जिल्ह्यात ते टाळता येत नाही. ४० गुंठ्यांचा एकर, एका गुंठ्याची बाजू ३३ फूट. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहिलेले असते आणि १०० आरांचा हेक्टर होतो. ३ एकर १० गुंठे जमिनीतून एका भावाच्या वाट्याची १ एकर २५ गुंठे वजा केली, तर दुसऱ्यास नेमकी तितकीच, १ एकर २५ गुंठे उरते. वाटणी समान आहे. एकराचे शंभर धरले तर दुसऱ्या भावाकडे १ एकर ८५ गुंठे दिसतील. एकराचे चाळीसच गुंठे असताना ८५ गुंठे उरणे अशक्य आहे, एवढी शंका ज्याला येत नाही त्याची वजाबाकी कितीही नीटनेटकी असली तरी ती कोणाच्या कामाची?

हातच्याचा प्रश्न

वजाबाकीच्या दोन रीती महाराष्ट्रात शेजारी-शेजारी नांदतात आणि त्यांची फारशी ओळख करून दिली जात नाही. शाळेत आज शिकविली जाते ती सुटे करण्याची रीत : वरच्या संख्येतील एक दशक किंवा एक मीटर सुटा करावयाचा. घरातील आजी-आजोबांची रीत हातच्याची : वर दहा मिळवावयाचे आणि खाली पुढील घरात हातचा एक. ३ मी २५ सेमी मधून १ मी ६० सेमी काढताना जुन्या रीतीने वर १०० सेमी मिळवले, १२५ मधून ६० गेले ६५. खाली १ मीटरचे २ मीटर झाले, ३ मधून २ गेले १. उत्तर तेच. तरीही आजोबांच्या रीतीने सोडविलेले गृहपाठाचे उदाहरण वर्गात चुकीचे ठरवले जाते, हा अनुभव ग्रामीण भागात दुर्मिळ नाही. मूल कोणाचे ऐकावे या संभ्रमात पडते आणि बहुधा दोन्ही रीतींची सरमिसळ करून तिसरेच उत्तर आणते.

या दोन रीतींची तुलना जगात अन्यत्र काळजीपूर्वक झालेली आहे. ब्राउनेल आणि मोझर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील तिसरीच्या मुलांच्या अभ्यासात अर्थ समजावून शिकविलेली सुटे करण्याची रीत अधिक फलदायी ठरली. समान मिळवणीची, म्हणजे आपल्या हातच्याची, रीत मुलांना समजावून सांगणे कठीण जाते असे त्यांना दिसले. लिपिंग मा यांच्या १९९९ मधील ग्रंथात २३ अमेरिकन आणि ७२ चिनी शिक्षकांच्या मुलाखतींचा आधार आहे. तेथे अमेरिकन शिक्षकांपैकी अनेकांचा भर 'उसने घेण्याच्या' कृतीवर होता, तर चिनी शिक्षकांपैकी बहुतेक जण वरच्या स्थानाचे एकक सुटे करण्याविषयी बोलत होते. उसने घेणे हा शब्दप्रयोग मराठीतही आहे आणि तो तितकाच फसवा आहे : उसने घेतलेले परत करावे लागते, येथे काहीच परत केले जात नाही.

तथापि ब्राउनेल-मोझर यांचा निष्कर्ष लांबीच्या बाबतीत जसाच्या तसा स्वीकारण्यापूर्वी थांबावयास हवे. हातच्याची रीत काड्यांच्या गठ्ठ्यांनी समजावता येत नाही हे खरे. वरच्या ढिगात दहा काड्या बाहेरून आणून टाकावयाच्या आणि मग खालच्या संख्येत एक गठ्ठा वाढवावयाचा, हे मुलाला हातचलाखीसारखे वाटते. लांबीत मात्र तीच रीत डोळ्यांना दिसते. जमिनीवर टेप पसरली आहे आणि एक काठी १ मी ६० सेमी पासून ३ मी २५ सेमी पर्यंत आहे असे समजा. काठी ४० सेमी पुढे सरकवा. आता ती २ मीटरपासून ३ मी ६५ सेमी पर्यंत गेली. काठी तीच, म्हणून अंतर तेच. आणि आता १ मी ६५ सेमी हे उत्तर कोणतीही उसनवारी न करता वाचता येते. दोन्ही टोकांत सारखीच भर घातली तर फरक बदलत नाही, हे हातच्यामागील तत्त्व ही काठी सांगते. ज्या रीतीचे स्पष्टीकरण संख्यांच्या प्रकरणात सापडले नाही ते मापनाच्या प्रकरणात होते, आणि दोन्ही प्रकरणे वेगवेगळ्या महिन्यांत शिकविली जात असल्याने त्यांची गाठ पडली नाही. असरच्या प्रश्नात ज्या ६१ टक्के मुलांना अडचण आली, त्यांना हवे असलेले ज्ञानही हेच होते.

संख्यांच्या बाबतीत आपला समाज किती जागरूक असतो, याचा प्रत्यय २०१९ मध्ये आला. दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात एकवीस या नावाबरोबर 'वीस एक' असे वाचन सुचविण्यात आले तेव्हा विधिमंडळापासून वृत्तपत्रांच्या विनोदी सदरांपर्यंत चर्चा झाली. बालभारतीच्या गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागील भूमिका जाहीरपणे मांडली. मराठीत एकक आधी उच्चारले जाते आणि दशक आधी लिहिले जाते, ही अडचण खरी होती. तिच्यावरील उपायाबद्दल मतभेद असू शकतात. विशेष हे की मापनाच्या प्रकरणांबद्दल असा वाद कधीच होत नाही. वास्तविक लांबीच्या वाचनात ही अडचण मुळातच नाही : 'तीन मीटर पंचवीस सेंटिमीटर' असे उच्चारताना मोठे एकक आधीच येते. लांबी हे स्थानिक किंमत समजावण्याचे अधिक सोयीचे क्षेत्र असूनही ते संख्याज्ञानाच्या मागे उभे आहे.

'उरले' या शब्दाचे राज्य

कापडाच्या आणि दोरीच्या उदाहरणांनी मुलाला एक शब्द शिकविला आहे : उरले. उरले दिसले की वजा करावयाचे. हा संकेत किती कच्चा आहे हे एका उदाहरणाने दाखविता येईल. 'दोरीतून १ मी ६० सेमी तुकडा कापल्यावर १ मी ६५ सेमी दोरी उरली. मूळ दोरी किती लांब होती?' येथे उरली हा शब्द आहे आणि बेरीज करावयाची आहे.

याउलट ज्या प्रसंगी काहीच कापले जात नाही आणि काहीच उरत नाही, त्या प्रसंगी वजाबाकी अधिक खोल असते. मराठवाड्यात विहिरीची खोली परसांत सांगण्याचा प्रघात आहे. पाणी अमुक परसांवर गेले, हे वाक्य उन्हाळ्यात कोणत्याही पारावर ऐकू येते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींतील हीच पातळी जमिनीपासून मीटरमध्ये नोंदवते. एखाद्या विहिरीत ऑक्टोबरमध्ये पाणी ४ मी ६० सेमी वर आणि मे महिन्यात ९ मी ३५ सेमी वर असेल, तर पातळी ४ मी ७५ सेमीने खाली गेली. येथे आकडा वाढला म्हणजे पाणी घटले. कोणी काही कापले नाही, कोणी काही उरविले नाही. फक्त दोन मापांमधील अंतर आहे. कापडाच्या उदाहरणांवर वाढलेल्या मुलाला हे उदाहरण वजाबाकीचे वाटणारच नाही, आणि ज्या जिल्ह्यात पावसाने ताण दिला की याच अंतराची चिंता घराघरांत असते तेथे हे उदाहरण वर्गात क्वचितच येते.

यात भाषेचाही प्रश्न मिसळलेला आहे. जिंतूर, पालम, गंगाखेड परिसरातील तांड्यांवरील मुले घरी गोरमाटी बोलतात. शहरांत आणि मोठ्या गावांत उर्दू बोलणारी मुले मोठ्या संख्येने आहेत. 'पेक्षा', 'ने जास्त', 'ने कमी' हे मराठीतील तुलनेचे प्रत्यय वरवर लहान दिसतात. 'गीता मीनापेक्षा १२ सेमीने उंच आहे' आणि 'गीता १२ सेमी उंच आहे' यांतील भेद 'पेक्षा' आणि 'ने' यांवरच तोललेला असतो. मराठी ही घरची भाषा असलेल्या मुलालाही तो भेद सावकाश कळतो. दोघींना पाठीला पाठ लावून उभे केले आणि डोक्यावर पट्टी आडवी धरली, तर तो भेद भाषेवाचून दिसतो.

वर्गातील व्यवहार

ताराबाई मोडक यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील बालशिक्षणात मॉन्टेसरी साधनांची ओळख रुजली. त्या साधनांत १० सेमी पासून १ मीटरपर्यंतचे दहा दांडे असतात. सातव्या दांड्याशेजारी चौथा दांडा ठेवला की मोकळी राहिलेली जागा तिसऱ्या दांड्याने भरते. वजाबाकी म्हणजे रिकामी जागा, हे चार-पाच वर्षांचे मूल अंक लिहिण्यापूर्वी पाहते. सोव्हिएत संघात दाविदोव्ह यांनी याच दिशेने जाऊन, संख्येच्या आधी लांबी, वजन, आकारमान यांची तुलना असा गणिताचा अभ्यासक्रमच उभा केला. असे दांडे गावोगावच्या अंगणवाड्यांना मिळतील अशी अपेक्षा करण्याची गरज नाही. परभणी हा रब्बी ज्वारीचा जिल्हा आहे; येथील कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'परभणी मोती' हा वाण सर्वपरिचित आहे. ज्वारीची वाळलेली धाटे दहा-दहा सेंटिमीटरच्या पटीत तोडून घेतली तर दांड्यांचे काम होते, आणि मोडले तर बैलांपुढे टाकता येतात. शाळेच्या आवारात पेरलेल्या ज्वारीची उंची दर सोमवारी मोजून मागील सोमवारच्या मापातून वाढ काढणे, ही लांबीची वजाबाकी आठ-दहा आठवडे चालते.

तुटलेली पट्टी हे याहून स्वस्त साधन आहे आणि प्रत्येक वर्गात ते आधीच उपलब्ध असते. ज्या पट्टीचे शून्याकडील टोक गेले आहे तिने माप घ्यावयाचे म्हटले की वजाबाकी केल्याशिवाय सुटका नसते. नवी पट्टी आणण्यासाठी मुलास घरी पाठविणारा शिक्षक एक उत्तम साधन फेकून देत असतो.

कृतियुक्त अध्यापनाच्या नावाखाली जे चालते त्याविषयीही काही म्हणावयास हवे. बाक मोजा, फळा मोजा, दरवाजा मोजा आणि तक्त्यात लिहा, असे उपक्रम पुष्कळ होतात. तक्ता भरला की उपक्रम संपतो. फळा बाकापेक्षा किती लांब, आपला अंदाज आणि प्रत्यक्ष माप यांत किती फरक, दोन गटांची मापे वेगळी का आली, हे प्रश्न तक्त्याच्या खाली लिहिलेले नसतात. आकडे जमतात आणि त्यांच्यात संबंध जोडला जात नाही. स्तंभांच्या सरावावर टीका करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की सरावाने निदान अचूक क्रिया तरी पदरात पडते. तक्ता भरण्याने तेही होत नाही. दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक स्तंभांकडे वळतो त्यास कारण आहे : एका इयत्तेला फळ्यावर दहा उदाहरणे दिली की दुसरीकडे लक्ष देता येते.

ऊसतोडीसाठी गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून होणारे स्थलांतर हा या जिल्ह्याचा आणखी एक प्रश्न. दिवाळीच्या सुमारास गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हंगामी वसतिगृहाची सोय ज्यांना मिळते ती मुले मागे राहतात. बाकीच्यांचे वर्षाचे निम्मे पाठ बुडतात. वर्षातून एकदा, ठरावीक पंधरवड्यात उरकला जाणारा मापनाचा घटक अशा मुलांच्या वाट्याला अनेकदा येतच नाही. जून महिन्यापासूनच प्रत्येक आठवड्यात थोडे मोजणे आणि थोडे वजा करणे ही रचना त्यांच्यासाठी अधिक न्याय्य ठरेल.

अध्ययन निष्पत्तींच्या २०१७ च्या दस्तऐवजात चौथीच्या विद्यार्थ्याने लांबी-अंतराचा अंदाज करून तो प्रत्यक्ष मापनाने पडताळावा आणि लांबी, वजन, वेळ यांवरील व्यवहारातील उदाहरणे सोडवावीत अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. अपेक्षा योग्य आहे. अडते ते मूल्यमापनात. १ मी ६० सेमी पासून ३ मी २५ सेमी पर्यंतचे अंतर विचारले असता एखादी मुलगी टेपवर बोट ठेवून पुढे मोजत जाते : दोन मीटरपर्यंत ४०, तीन मीटरपर्यंत आणखी एक मीटर, वर २५, एकूण १ मी ६५ सेमी. शिंपी हेच करतो, कापडाचा दुकानदार हेच करतो. तिने ना मीटर सुटा केला, ना हातचा घेतला. दोन खुणांमधील लांबी मात्र तिने खरोखर पाहिली. आज प्रचलित असलेल्या गुणदानात उत्तरास एक गुण आणि रीतीस एक गुण अशी विभागणी असते, आणि तिच्या वहीत दोन स्तंभ नसल्यामुळे दुसरा गुण कापला जातो.